शेवटचं औषध

मावशीच्या लघवीतल्या जंतूंवर एकही नेहमीचं अँटिबायोटिक चालेना, तेव्हा तिला वेगळ्या खोलीत हलवलं. "आता हे शेवटचं औषध. काही जंतू आता यालाही दाद देत नाहीत, सगळ्या जगातच," डॉक्टर म्हणाले.

आत जायचं तर अंगात झगा आणि हातांत मोजे. आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, ते सगळं चढवून तिची वेणी घालत बसायचे. रबरी मोज्यांतून केस सारखे निसटायचे.

"अहो, राहू द्या. मला कोण बघायला येतंय?" मावशी म्हणायची.

"मी येतो ना."

मी काचेतून बघायचे. साध्या सर्दीलाही आपण सहज अँटिबायोटिकच्या गोळ्या घेत आलो आणि कुठेकुठे हे जंतू त्यांना सरावत गेले. कुठल्या मुलखातून फिरत आलेला एक जंतू आता या दोघांच्या स्पर्शामध्ये येऊन बसला होता.

औषध लागू पडलं, ताप उतरला. काकांनी बाहेर येऊन डॉक्टरांना विचारलं, "उद्या दुसऱ्या कुणाला हे औषध लागलं, तर त्यालाही गुण येईल ना?"

"सगळ्यांनी जपून वापरलं, तर येईल."

आत मावशी शांत झोपली होती. आम्ही तिघंही जरा वेळ तिच्याकडे बघत उभे राहिलो.