दोन विषय

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात मी प्रवेशाच्या खिडकीवर बसतो. ऐन धानाच्या रोवणीत एक चाळिशीची बाई आली. टाचांच्या भेगांत शेतातल्या बांधीतला चिखल तसाच होता. लग्नाआधी ती चामोर्शीला कॉलेजात दोन वर्षं शिकली होती. ते शिक्षण धरून तिला थेट तिसऱ्या वर्षाला बसायचं होतं.

"पूर्ण धरतीन तं शिक, नाई तं घरी चाल," नवरा माझ्यादेखतच तिला म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

दोन विषय नियमात बसेनात. ते पुन्हा द्यावे लागतील, असं मी सांगितलं. या खिडकीवर माणसं भांडतात, नाहीतर रडतात. ती ओल्या पदराला बोटं पुसत राहिली.

"रोवल्यावर धानाचे थोडे पऱ्हे मरतेच, भाऊ," ती म्हणाली. "तेवढेच पुन्हा लावाचे. त्याच्यासाठी कोणी पूर्ण बांधी मोडते का?"

एवढ्यात नवरा परत आला. "धरलं का पूर्ण?"

"धरलं," ती म्हणाली.

खात्री करायला तो माझ्याकडे पाहू लागला. मी तिच्या अर्जावर शिक्का मारला आणि रांगेतल्या पुढच्याला हाक मारली.