पुसलेले पाच टिळे

हे मी कुणालाच बोललेले नाही. सुनेला नाही, भजनी मंडळातल्या बायांना तर नाहीच — त्यांना सांगणं म्हणजे चिखलीच्या बसस्टँडवर भोंगा लावून सांगणं. तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

गोष्ट एका कॉम्प्युटरची आहे. हसलात? हसा.

आमचं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. नवरा कॅमेरा धरायचा, मी आत बसून नवरीच्या तोंडाभोवती बदामाचा आकार फिरवायची आणि पाठवणीला रडकं गाणं लावायची. कॉम्प्युटरवाली बाई म्हणून माझी मान इतकी ताठ, की पुढे गळ्यात डॉक्टरांचा पट्टा आला तो त्याचाच असावा. मिक्सिंगनं मशीन तापायचं. म्हणून अकोल्याच्या मेकॅनिकनं त्यात लिक्विड कूलर बसवला — दोन रबरी नळ्या, छोटासा पंप, पातळ जाळी, आणि आत कायमचं बंद केलेलं पाणी. किती टिकेल, मी विचारलं. पाच वर्षं, तो म्हणाला, फार तर सहा. नळीतून ते पाणी हळूहळू उडतंच, आणि खिडकीतल्या कूलरसारखी यात बादली ओतता येत नाही. गुळगुळ आवाज यायला लागला की बदला.

मला हे पाठ होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दर खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करायचो. कॅमेऱ्याला झेंडूचं फूल, कॉम्प्युटरच्या डब्याला तेलात कालवलेल्या कुंकवाचा टिळा. मागच्या वर्षीचा टिळा मी पुसत नसे, शेजारी नवा लावायची. गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायची — मोजा, तेवढं याचं वय. सातवा टिळा लागला त्या वर्षी पंप बोलायला लागला. सकाळी सुरू केलं की पोटात गॅस झाल्यासारखी गुळगुळ. मी डब्याच्या पाठीत एक चापट मारायची, तो गप्प बसायचा. नवं मशीन तोवर ठरलं होतं. जुनं घेणार होती डोणगावची नसीम.

नसीम दोन महिने माझ्याकडे टायपिंग शिकून गेली होती. तिला गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान काढायचं होतं. तिचे सासरे रहीमचाचा गादीवाले. घराच्या ओट्यावर त्यांची कापूस पिंजायची मशीन. सुनेनं दुकान काढावं हे पहिल्यांदा बोलले तेच, आणि त्याच ओट्याचा अर्धा भाग पत्र्यानं बंद करून त्यांनी तिला दिला.

नसीम कॉम्प्युटर बघायला आली. “कितीक जुना आहे काकू?” तिनं विचारलं.

“टिळे मोज,” मी म्हणाले.

तिनं मोजले. दोन.

पाच मी आदल्या दिवशी पुसले होते. खोबरेल तेलाची चिंधी घेऊन, एकेक करून — आणि स्वतःवर खूष होऊन. काय पण डोकं चालवलं! तोंडानं खोटं बोलायचंच नाही, कुंकवाकडून वदवून घ्यायचं. छप्पन्न वर्षांची शहाणी मी.

पण थांबा. हे अजून ते नाही.

त्याच हंगामात बीटी कपाशीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली. अळी लागणार नाही म्हणून लोकांनी ते बियाणं घेतलं होतं. दुकानात बसून मी बियाणेवाल्यांना शिव्या घालत होते, खोटारडे म्हणत होते — मी! भरपाईचे अर्ज ऑनलाइन होते. मेहकरला रांगेत उभं राहण्यापेक्षा डोणगावचे लोक नसीमकडे कागद देऊन जात. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मशीन गेलं. सुरू व्हायचं, तापायचं, बंद पडायचं. नसीम ते मांडीवर घेऊन जीपनं माझ्याकडे आली. सोबत गावची चार माणसं, पिशव्यांमध्ये सगळ्यांचे कागद.

मी झाकण काढलं. जाळी लख्ख होती — ती रोज ब्रशनं झाडायची. पंप मात्र मेलेला. मला कळलं. तिलाही थोडं कळलं असावं, कारण ती जाळीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

“काकू, मले खरं सांगा. दोनच वर्साचा होता ना?”

एक शब्द. एवढाच लागत होता. का नाही निघाला? चार माणसं ऐकत होती, म्हणून? ती माणसं नसती तर निघाला असता?

“हाव, दोनच,” मी म्हणाले. “तुमच्या घरात कापूस पिंजून राह्यले. तंतू गेले आत. मशीनचा काय दोष?”

मग मोठ्या मनानं तिला माझ्या नव्या मशीनवर बसवलं. जमले तेवढे अर्ज तिनं भरले, बाकीच्यांचे राहिले. ती चार माणसं माझ्या चांगुलपणाचं कौतुक करत जीपमध्ये बसली आणि माझं ते वाक्य डोणगावला घेऊन गेली. ज्यांचे अर्ज राहिले त्यांनी रहीमचाचांना ओट्यावर येऊन ऐकवलं. नसीमनं फोनवर सांगितलं, चाचांनी पिंजायची मशीन भंगारात दिली. सुनेचं दुकान आधी, म्हणाले. ती रडत होती. मी म्हणाले, बरं केलं.

थंडी सरता सरता चाचा स्वतः आले. डोक्यावर नवी गादी. शेवटचा पिंजलेला कापूस होता, म्हणाले, तुमच्यासाठी ठेवला. मी गादी दाबून पाहिली आणि — सांगतानाही जीभ अडते — एका कोपऱ्यात कापूस कमी आहे म्हणाले. चाचांनी पिशवीतून दाभण काढला, दुकानाच्या पायरीवर बसून कोपरा उसवला, भरला, पुन्हा शिवला.

मग उठून हात जोडले. “ताई, तुमची चांगली मशीन आमच्या कापसानं खाल्ली. माफ करा.”

मी त्यांना माफ केलं.