गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणणारी माणसं

कणकवली स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "खंय जावचा?" 'खंय' म्हणजे कुठे, एवढं मला येत होतं. गाडीत घोकून ठेवलेलं वाक्य मी ठोकून दिलं, "माका तारकर्लीक जावचा आसा!" तो हसला आणि चक्क शुद्ध मराठीत म्हणाला, "मॅडम, तारकर्लीपर्यंत रिक्षा कशाला? स्टँडवर सोडतो, मालवणची एसटी मिळेल." नुसता सोडून गेला नाही, गाडीत बसवूनच गेला.

माझे यजमान मूळचे या भागातले. नोकरीसाठी अकोल्याला आले, माझ्याशी लग्न झालं, आणि घरात पुस्तकी मराठी बोलू लागले. मालवणी उरली ती फक्त आईशी फोनवर बोलण्यापुरती. सासूबाई गेल्या आणि तीही थांबली. गेल्या वर्षी यांना पक्षाघात झाला. हातपाय सावरले, पण वाचा गेली ती गेलीच. बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं, "यांच्या लहानपणची बोली घरात कुणी बोलतं का? कधी कधी तिनेच जीभ सुटते." कुणीच बोलत नव्हतं. गावीही आता त्यांचं कुणी उरलेलं नाही. मुलगा म्हणाला, "आई, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिक." मी म्हटलं, "व्हिडिओ माझ्या चुका काढणार आहे का?" त्याला रजा घेऊन यांच्याजवळ राहायला लावलं आणि निघाले. नवऱ्याची वाचा परत आणायला बायको परमुलखात निघाली, हे शेजारणींना वेडेपणाचं वाटलं. मला नाही वाटलं.

तारकर्लीत माडांच्या बागेतल्या एका लॉजवर उतरले. मालकीण रेश्मा, माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्या दिवशी तिने मला 'अहो मॅडम' केलं. रात्री जेवताना येण्याचं कारण सांगितलं, तर सकाळी माझी मावशी झाली होती. "आजपासून माज्यावांगडा (माझ्याबरोबर) मराठी बंद," तिने फर्मान काढलं आणि पुढ्यात घावणे व नारळाचा गोड रस ठेवला. "खा गो मावशी, जीभ हलाक व्हयी."

जीभ हलवायला मी किनाऱ्यावर जायची. होड्या आल्या की तिथे बायका मासे वेगळे करत बसतात. त्यांतल्या एकीने मला हेरलं.

"खंयची गो तू?"

"अकोल्याची."

"थंय समुद्र आसा?"

"नाय."

"मगे खातास काय?"

"डाळ," मी म्हटलं. तिने असा चेहरा केला, जणू माझ्या घरी दुष्काळ पडलाय. मग पिशवीत चार बांगडे टाकले आणि म्हणाली, "बरो होवंदे गो तुजो घोव (नवरा)." रेश्माने अख्ख्या वाडीला माझी गोष्ट सांगून टाकली होती. मला आधी राग आला. मग बांगडे खाल्ले आणि राग गेला.

सोमवारी रेश्मा मला देवळात घेऊन गेली. तिथे आबा म्हणून एक वयस्कर गृहस्थ गाऱ्हाणं घालत होते. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी आपल्या बोलीत, मोठ्याने केलेली विनवणी. एकाने वाक्य म्हणायचं आणि जमलेल्यांनी त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. मी फोन काढला, तर आबांनी हात हलवला. "फोनात नको. तोंडात घे." आणि माझ्यासाठी वाक्य वाक्य सुटं करून सांगितलं.

पायरीवर बसून मी पाठ करायला लागले. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुजो झील (मुलगा) लांब अकोल्याक आसा..."

"व्हय म्हाराजा!" अंगणातून आवाज उठला. मी दचकलेच. नारळ घेऊन थांबलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"अगो, मी पाठ करतंय!" मी ओरडले.

"आसांदे," एक म्हातारी म्हणाली. "गाऱ्हाणां ऐकलां काय गप ऱ्हवाचां नाय."

पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. मी अडखळले, की त्या आणखी एकदा 'व्हय म्हाराजा' म्हणत, मला सवड देत. "आठव सावकाश. आमी आसंव (आहोत)." कुणाला घाई नव्हती. शेवटी सगळं गाऱ्हाणं मी देवासमोर उभं राहून, न चुकता घातलं. आबा म्हणाले, "आता ही आमची झाली." माझी छाती फुगली, तशी शाळेत पहिला नंबर आल्यावरही फुगली नव्हती.

अकोल्याला परतले. हे खिडकीपाशी बसले होते. रेश्माने दिलेला नारळ यांच्यासमोर ठेवला आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुजो झील लांब अकोल्याक आसा..." यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत ओळख दिसली, पण ओठ हलले नाहीत. "तेची वाचा तेका परत दी." मी थांबले. मुलगा दारात उभा होता. अंगणातल्या त्या बायका आता असायला हव्या होत्या, असं फार वाटलं. त्यांची तर मला नावंही ठाऊक नाहीत. त्यांच्यासारखीच सवड देत, मी तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हटलं.

"व्हय... म्हाराजा."

आवाज खरखरीत होता, जड होता, पण यांचाच होता. मुलगा रडायला लागला. पण गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडून कसं चालेल? मी ताठ उभी राहिले आणि पुढचं वाक्य म्हटलं.