अक्कांची झोप

सुमित्राक्का. आधी त्यांचं नाव लिहिते, मग बाकीचं. बाकीच्यात माझा फार गोंधळ होतो. कोण खरं बोललं, कोणी कोणाला वाचवलं, हे मला अजून नीट लावता येत नाही. नाव तेवढं पक्कं आहे.

हुबळीत स्टेशनावर, बसस्टँडवर, पुलाखाली राहणाऱ्या पोरांना आणून सांभाळणारी एक संस्था होती, अक्का तिथे कामाला होत्या. विद्यानगरच्या मागच्या गल्लीत संस्थेचं भाड्याचं घर होतं. त्याला आम्ही ‘मने’ म्हणायचो. कानडीत मने म्हणजे घर. अक्का मूळच्या बेळगावच्या, बौद्ध, घरात मराठी, बाहेर कानडी. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या आणि आल्यावर तीच साडी खोचून आमच्या डोक्यातल्या उवा काढायला बसायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते हुबळी स्टेशनावर. माझं गाव कवठेमहांकाळच्या पलीकडे. मला पुण्याला मावशीकडे जायचं होतं. मिरजेला उतरले आणि जी गाडी समोर उभी होती तिच्यात बसले. ती हुबळीची निघाली. उतरल्यावर पाट्या वाचता येईनात. शाळा सहावीत सुटली होती तरी मराठी मला चांगलं वाचता यायचं, पण इथली अक्षरं सगळी गोल गोल, जिलबीसारखी. नळाजवळ एका पोत्यावर बसून राहिले. कोणीतरी बाई आली, चपला काढून माझ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली आणि म्हणाली, “ऊट आतेन?” मला काही कळलं नाही. मग ती म्हणाली, “जेवलीस काय गं?”

लोकांना वाटतं, परक्या मुलखात आपली भाषा ऐकून मला बरं वाटलं असेल. मी उलट पोतं ओढून मागे सरकले. मला वाटलं, गावाकडून मला न्यायलाच कोणीतरी आलं.

अक्कांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही; मी रेखव्वा झाले ते नंतर, मनेत. डबा उघडून स्वतःच जेवायला लागल्या. अर्धी भाकरी झाकणावर ठेवली, माझ्याकडे न बघता. “मी सावकाश जेवते,” म्हणाल्या, “तुला घाई असली तर तू आधी उरकून घे.”

नवीन पोराला मनेत कोणी उठवायचं नाही, हा अक्कांचा कायदा. प्रार्थना असो, शाळेची वेळ असो, नवीन पोर झोपलेलं दिसलं की बाकीच्यांनी पाय न वाजवता जायचं. “रस्त्यावरच्या पोराला आधी झोप लागते,” अक्का सांगायच्या, “मग भूक लागते, मग भांडणं सुचतात. भांडायला लागलं की मी शाळेत नाव घालायला जाते. त्याच्या आधी गेलं तर उपयोग नाही की.” माझ्या शेजारी मल्लव्वा नावाची मुलगी झोपायची, रेल्वेच्या डब्यांतून बाटल्या वेचणारी. ती उशाखाली चपला घेऊन झोपायची. तिला कोणी कधी सांगितलं नाही की चपला बाहेर ठेव. एके दिवशी तिने माझ्याशी पांघरुणावरून मारामारी केली, माझा दंड चावला. अक्का मला हळद लावता लावता खूश. “झालं,” म्हणाल्या, “उद्या शाळा.”

माझं मात्र सगळं उलटंच. मला झोपच येईना. फाटकाला कुलूप नसायचं, हे कळल्यावर तर अजिबात येईना. कुलूप नाही म्हणजे यांना आपण गेलो तरी चालणार आहे, असा मी अर्थ काढला. मग एका सकाळी शिंपी आला, माझी मापं घेऊन गेला. मल्लव्वाने माझ्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या चढवल्या, सणाच्या होत्या. आणि दुपारी अक्कांनी नवी पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली, गुलाबी फुलांची, वर कुलूप-किल्ली. “ही तुझी,” म्हणाल्या.

आमच्याकडे पत्र्याची पेटी मुलीला एकदाच मिळते. मी घरातून पळाले होते तेच त्या भीतीने. मामा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दाराआड म्हणाला होता, “पावसाच्या आधी उरकून टाकू.” मी तेव्हा तेरा वर्षांची. आणि इथे परगावी मापं झाली, चुडा झाला, पेटी आली. मी जेवणाच्या गडबडीत फाटक उघडलं आणि निघाले.

गोकुळ रोडपर्यंत गेले असेन. दोन्ही बाजूंना कारखान्यांची शेडं, लोखंड कापल्याचा आवाज, कोणाला विचारावं तर भाषा नाही. मागे बघितलं तर अक्का. अंतर ठेवून येत होत्या, चपला हातात, एका चपलेचा अंगठा तुटलेला. हाक मारली नाही, धावल्या नाहीत. मी थांबले की त्या थांबायच्या. मी चालले की त्या चालायच्या. शेवटी मीच रडत ओरडले, “मला लग्न करायचं न्हाई.”

अक्का रस्त्याच्या कडेला टायरच्या ढिगावर बसल्या. घाम पुसला. “कोणाशी ठरलंय ते तरी सांग रेखव्वा,” म्हणाल्या. “आहेर आणायला पाहिजे की मला.”

मी पेटीचं सांगितलं. त्यांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. मग एवढंच म्हणाल्या, “अगं, ज्याने कधी काही कुलपात ठेवलं नाही, त्याला एक कुलूप द्यायचं, म्हणून देतो आम्ही. ह्याला असाही अर्थ असतो हे मला सुचलं नाही बघ.” त्या दिवशी मी पहिल्यांदा गावाचं नाव सांगितलं. सांगितल्यावर लगेच वाटलं, सांगायला नको होतं.

कारण गाव कळलं की अक्का तिथे जायच्या. पोराला त्याच्या घरी परत पोचवणं, हेच संस्थेचं मोठं काम. पण अक्का पोर सोबत नेत नसत. आधी एकट्या जायच्या. दारात उभं राहून आपलं पूर्ण नाव, आडनावासकट सांगायचं, मग पाणी मागायचं, मिळेल ते जेवायचं आणि एक रात्र तिथेच राहायचं. “ज्या घरात मला झोप लागत नाही, त्या घरात मी पोर सोडत नाही,” हे त्यांचं वाक्य संस्थेत सगळ्यांना पाठ होतं. पोराला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या सरकारी बालकल्याण समितीतल्या मॅडमसुद्धा अक्का गावाहून आल्या की कागद बाजूला ठेवून आधी विचारायच्या, “निद्दे बंत?” म्हणजे झोप लागली का. अक्का मान हलवतील तसा निर्णय व्हायचा. अक्का सांगतात ते खरंच असणार, असं सगळे धरून चालायचे.

माझ्या गावी त्या जाऊन आल्या. मी फाटकापाशीच होते. विचारायचं धाडस होईना. अक्कांनीच सांगितलं, “तुझी आई बरी आहे. पाणी दिलं मला, तुमच्याच तांब्यातून. वांग्याची भाजी केली होती.”

“आणि झोप?”

अक्कांनी पिशवी खाली ठेवली. “लागली गं,” म्हणाल्या. “छान लागली.”

नियमाप्रमाणे आता माझं जाणं ठरलं. मल्लव्वाने तर रात्रीच मला आपला आरसा देऊन टाकला, आठवण म्हणून.

बालकल्याण समितीपुढे मला नेलं त्या दिवशी आबा आले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात माझ्यासाठी पेढ्यांचा पुडा. ते रागावले नाहीत. “चल बाळ,” म्हणाले, “आईनं वाट बघून जेवण सोडलंय.” लग्नाचं कसलं ठरलेलं नाही, पोरीनं काहीतरी अर्धवट ऐकलं, असं त्यांनी सांगितलं. ते इतकं साधेपणाने सांगितलं की मलाच वाटायला लागलं, मी खरंच अर्धवट ऐकलं का? मामा कोणाच्या लग्नाबद्दल बोलत होता? माझं नाव तर त्याने घेतलं नव्हतं.

मॅडमना मराठी कळत नव्हतं, आबांना कानडी. मध्ये अक्का. मॅडमनी तोच प्रश्न विचारला. अक्का कानडीत काहीतरी म्हणाल्या. मॅडमच्या भुवया वर गेल्या. मी आबांकडे बघितलं, आबा माझ्याकडे. आम्हा दोघांनाही काही कळलं नव्हतं. घरातली दोन माणसं परक्याच्या तोंडाकडे बघत बसावी तसे आम्ही अक्कांकडे बघत बसलो. त्या क्षणी मला आबांची दया आली, हे लिहायला पाहिजे.

अक्का आबांकडे वळून मराठीत म्हणाल्या, “मी ह्यांना सांगितलं, तुमच्या घरी मला झोप लागली नाही.”

आबा पुढे वाकले. मग म्हणाले, “अवो बाई, तुमी तर घोरत हुता. आख्ख्या घरानं ऐकलंय.”

“एन अंतारे?” मॅडमनी विचारलं. काय म्हणतायत हे.

तिथे दुसरं कोणी मराठी जाणणारं नव्हतं. अक्का काहीही सांगू शकल्या असत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि आबांचं वाक्य जसंच्या तसं कानडीत सांगितलं. ‘गोरके’ हा शब्द मला तेव्हाही कळला. टेबलामागचा एक माणूस हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आणखी काही विचारलं आणि अक्का बराच वेळ बोलल्या, खाली बघून. मी असं त्यांना कधी बोलताना पाहिलं नव्हतं. शेवटी त्या आम्हा दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हणाल्या, “तिकडच्या समितीची चौकशी होईपर्यंत पोरगी इथेच राहील. माझ्या जबाबदारीवर.”

आबांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि गेले. चौकशी लांबत गेली. आबा पुन्हा आले नाहीत. मी राहिले.

मला पुढे कानडी यायला लागलं, तेव्हा कुठे अक्कांना विचारलं, त्या दिवशी मॅडमना काय सांगितलंत. “खरं सांगितलं,” म्हणाल्या. “झोप लागली होती, आत्ता मी खोटं बोलले, असं सांगितलं. म्हटलं, माझी झोप धरू नका, पोरीचं वय धरा.”

“पण मग खोटं बोललातच कशाला?”

तेव्हा त्यांनी मला आईचं सांगितलं. सगळ्यांसमोर आई म्हणाली होती, “पोरगी लवकर धाडा.” सकाळी एसटीपर्यंत पोचवायला आली. वाटेत एक शब्द नाही. गाडीत चढताना मागून अक्कांचा पदर धरला आणि म्हणाली, “तिला आणू नगा.” एवढंच. अक्का वळेपर्यंत ती पाठमोरी झाली होती. हे समितीत सांगितलं असतं तर कागदावर आलं असतं, तिकडच्या चौकशीत आबांना कळलं असतं आणि घरी आईचं काय झालं असतं, म्हणून अक्कांनी स्वतःची झोप पुढे केली.

“आणू नका म्हणजे काय अक्का?” मी विचारलं. “मला वाचवायचं होतं तिला, की मी नको होते?”

“ते मला कळलं नाही गं. मला कळलं नाही ते तुला कसं सांगू? तोंड दिसलं असतं तर सांगितलं असतं.” मग म्हणाल्या, “दोन्ही असेल. होगली बिडु.” जाऊ दे. पण त्यांनी स्वतः ते जाऊ दिलेलं मला कधी दिसलं नाही.

त्या दिवसानंतर मॅडमनी अक्कांना झोपेचं विचारणं बंद केलं. अहवाल मागायला लागल्या, सोबत दुसरा माणूस पाठवायला लागल्या. संस्थेत नव्याने कामाला लागलेली पोरंपोरी चेष्टा करायची, “अक्का, घोरलात की झोपलात?” अक्काही हसायच्या. पण कुठल्या घराहून आल्या की पूर्वीसारखं ठामपणे बोलायच्या नाहीत. “बरं वाटलं,” म्हणायच्या, “पण मला काय कळतंय.” कलघटगीच्या एका पोराला घरी सोडून आल्यावर त्या आठवडाभर त्याच्या शेजाऱ्यांना फोन करत होत्या. हे माझ्यामुळे झालं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मला मात्र तसंच वाटतं.

मी दहावीला बसले, गणितात गेले, पुन्हा बसायचा धीर झाला नाही. आता गोकुळ रोडलाच कपडे शिवायच्या कारखान्यात आहे, मल्लव्वाबरोबर एका खोलीत राहते. आईचा फोन येतो कधीमधी, शेजारणीच्या मोबाइलवरून. “जेवलीस का?” विचारते. ये म्हणत नाही, येऊ नको म्हणत नाही. मीही विचारत नाही. विचारलं आणि तिने खरं सांगितलं तर काय करायचं, हे मला माहीत नाही.

गुडघे गेल्यावर अक्का बेळगावला भावाकडे राहायला गेल्या. मी आणि मल्लव्वा बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. सामान वर चढवलं, पाण्याची बाटली दिली. मल्लव्वा केळी आणायला गेली तेव्हा अक्का खिडकीतून माझ्याकडे वाकल्या आणि हळू विचारलं, “मी चुकले नाही ना गं, रेखव्वा? पोरीला आईपासून तोडली असं नाही ना झालं?”

एवढी पोरं त्यांनी मार्गाला लावली, आणि विचारलं कोणाला, तर मला. “नाही अक्का” म्हणायला किती वेळ लागतो? पण त्यांना खोटं लगेच कळायचं, आणि खरं काय ते मला माहीत नव्हतं. मी नुसती उभी राहिले. गाडी निघाली.

अक्का, हे कोणी तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐका. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, ते द्यायचं राहिलंय. मी गावी जाणार आहे. कधी ते सांगत नाही, अजून भीती वाटते. आईच्या समोर बसून, तिच्या तोंडाकडे बघून विचारणार आहे. ती जे सांगेल ते घेऊन तिथून सरळ बेळगावला तुमच्याकडे येईन, आणि चांगलं असो वाईट असो, जसंच्या तसं सांगेन. तोपर्यंत तब्येतीला जपा.