सगळ्यांच्या शेवटी

आत्या गेल्याचा निरोप किहीमला आला तेव्हा मी शाळेतून परतून चूल पेटवत होते. ऐकलं आणि रडू येण्याआधी मी चटकन उठून उभी राहिले. आत्या खोलीत आली की शाळेतल्या मुली आणि आम्ही भाच्या अशाच उभ्या राहत असू... आता काही आठवडे झाले, तरी तिच्याविषयी लिहायला बसले की पाठ आपोआप ताठ होते.

सगुणाआत्या माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. आजोबांनी जात, घरदार, नातलग सोडून ख्रिस्ताचा स्वीकार केला तेव्हा ती बालविधवा होती. पुढे शिकली आणि उरणला मुलींच्या शाळेत मुख्य बाई झाली. पवित्र शास्त्र तिला इतकं पाठ, की उपदेश करताना पाळकसाहेब अडखळले तर तिच्याकडे बघत. एकच गोष्ट होती. प्रभुभोजनाच्या दिवशी ती घरून चांदीचा छोटा पेला आणायची. सगळी मंडळी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेत. पाळकसाहेब त्यातला थोडा सर्वांच्या आधी तिच्या पेल्यात ओतत. "माझा घसा नाजूक आहे," असं ती सांगे. मंडळीत नाना जातींतून आलेली माणसं होती. घशाचं दुखणं कसलं आहे ते सर्वांना ठाऊक होतं, पण बाईंना विचारणार कोण?

मोठी लढाई संपून सहा-सात वर्षं झाली असतील. मिठागरावर राबणारा धर्मा आणि त्याची बायको चांगुणा, दोघांचा बाप्तिस्मा झाला होता आणि आजवर मागे बसून नुसतं बघितल्यावर त्यांचं ते पहिलंच प्रभुभोजन होतं. मी आत्याच्या शेजारी बसले होते. पाळकसाहेब प्याला घेऊन धर्मापुढे आले, तर त्यानं सदऱ्याच्या आतून पत्र्याचं एक टमरेल काढून पुढे केलं. पाळकसाहेबांना कळेचना.

"साहेब, यात वता," धर्मा अदबीनं म्हणाला. "बाय न्हाय का आपला येगला पेला आनत? आमाला वाटला, रीतच हाय. आमचा तोंड लागून तुमचा प्याला बाटाया नको."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. चार दिवस घासून लख्ख केलेलं ते टमरेल त्यानं दोन्ही हातांत धरलं होतं. आत्या आपला भरलेला पेला तसाच खाली ठेवून उठली. मला वाटलं, आता ती धर्माला समजावून सांगेल; समजावणं हा तिचा हक्कच होता. पण ती त्याच्यासमोर जाऊन हात जोडून उभी राहिली.

"माझ्या घशाला काही झालेलं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "कधीच नव्हतं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात मी सगळं सोडलं, एवढं एक मुठीत गच्च धरून वर आले. धर्मा, हे तू माझ्याकडे बघून शिकलास. मला क्षमा कर."

"बाय, आसा नका करू," तो घाबरून मागे सरकला. चांगुणा रडायला लागली. आत्या पाळकसाहेबांना म्हणाली, "मला सगळ्यांच्या शेवटी द्या." आणि सर्वांचे ओठ लागलेला तो प्याला तिनं शेवटी घेतला. पुढे एकदा तिनं मला सांगितलं, "त्या क्षणीसुद्धा मला मळमळलं गं. शरीर लवकर शिकत नाही. पण इतकी वर्षं प्रार्थनेत मीच बोलत असायचे. त्या दिवशी गप्प झाले, आणि समोर कुणीतरी आहे असं कळलं." तिच्या चेहऱ्याकडे मला फार वेळ बघवलं नाही. सूर्य कलल्यावर समुद्राकडे बघवत नाही, तसं.

अण्णा मात्र संतापले. "चुकलं तर देवाला सांगायचं. चारचौघांत घराण्याची अब्रू कशाला काढलीस?"

"देवाला रोज सांगत होते, अण्णा," ती म्हणाली. "त्याला सांगायला काही लागत नाही. धर्माला सांगायची हिंमत नव्हती."

अण्णांनी तिच्याशी बोलणं सोडलं, उरणला येणंही सोडलं.

आत्याचा स्वभाव काही गोगलगाईचा झाला नाही. ती रागवायची, फाडकन बोलायची. पण प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी ज्याला-ज्याला दुखावलं असेल त्याच्या दारी जायची, पायरीवर बसायची, "चुकलं माझं," म्हणायची. चांगुणा हसून म्हणे, "बाय, भांडताव पन लय आनि माफी पन लय मांगताव."

तिच्या मातीला अण्णा आले. पेटीपाशी नुसते उभे राहिले आणि मग परत जायचं नावच काढीनात. तिच्या घरी आम्ही दोघं सामान आवरत होतो. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवसाचा, महिन्याचा तो शनिवार आला. संध्याकाळी बाहेर पाहिलं तर आळीतली माणसं आपापल्या दारात बसलेली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. येणारी तर गेली होती...

अण्णांनी पायांत वहाणा सरकवल्या आणि काठी टेकत ते आळीत उतरले. धर्माच्या दारापाशी थांबले. म्हातारा धर्मा गडबडीनं उठला.

"फार उशीर केला मी..." ते एवढंच म्हणाले.

धर्मानं त्यांचा हात धरला, आणि पायरीवरची एक जागा पंच्यानं पुसली.

"बाय बसाची, तितंच बसा."