आठ, आठ, तीन, तीन

मुखेडचे एक मामा, निवृत्त गणित शिक्षक. भाच्यासाठी मुली पाहायला तेच पुढे, आणि प्रत्येक मुलीला आकड्यांचं कोडं घालायचे. आमच्याकडे अहमदपूरला ताईला पाहायला आले. चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन हात पुसत म्हणाले, "चार येळा चार घे अन् सात करून दाखव."

सगळी बैठक ताईकडे टक लावून. तिच्या हातातला कागद कोराच राहिला. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई, तू चहाच आन." सगळे खो खो हसले. ताईने चहा दिला, आत आली आणि परातीतल्या पिठात बोटाने लिहिलं : चार अधिक चार, वजा चार भागिले चार. मग रडली. पुढे नकार आला. ताई पुन्हा कुणासमोर बसली नाही.

मी ते हसणं विसरले नाही. विसरायचंच नव्हतं.

दोन वर्षांनी त्यांचाच निरोप : धाकटी दाखवता का? वडील भडकले. मी म्हटलं, येऊ द्या.

मामांचं कोडं मी उभ्या उभ्या सोडवलं. मग म्हणाले, "पोरगी पसंत हाय." मी म्हटलं, "मामा, आता माझं एक. आठ, आठ, तीन, तीन. चारही आकडे एकेकदाच वापरा, चोवीस आणा. उत्तर आलं की पुढची बोलणी."

कोडं ताईनेच निवडून दिलं होतं. आठ त्रिक चोवीस त्यांना लगेच सुचलं, पण उरलेले आठ आणि तीन कुठे घालणार? कागदावर खाडाखोड वाढत गेली. भाचा घड्याळ बघायला लागला. शेवटी कागद खिशात घालून मंडळी उठली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी पोटभर जेवले.

उत्तर तुम्हाला सांगते. आठला तीनने भागा, ते तीनमधून वजा करा, एक तृतीयांश उरतो. दुसऱ्या आठला त्याने भागा. चोवीस. मामांना अपूर्णांकात शिरायचं सुचलंच नाही.

त्यांचे फोन सुरू झाले. "सांगून टाक की पोरी, लई डोकं खाऊन राहिलंय." लग्नाचं नावही काढत नव्हते, नुसतं उत्तर हवं होतं. मी म्हटलं, उत्तर ताईकडे आहे, तिलाच विचारा. फोन तिच्या हातात दिला.

मामांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या मामा," ती म्हणाली, "तुम्ही चहाच प्या."