बिनसावलीची दुपार

माझा मोठा भाऊ तुरुंगात गेला तेव्हा चौथी पास विणकर होता. तिथून तो पत्रं लिहायला लागला ती सूर्याबद्दल. लकडगंजात सुताच्या गठ्ठ्यावरून झालेल्या मारामारीत त्याच्या हातून एक माणूस मेला होता, आणि त्याला जन्मठेप झाली. त्या माणसाचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे, भाऊही पत्रात काढत नसे. फक्त एकदा त्यानं लिहिलं होतं, ‘डोळा लागला की तो समोर येतो. म्हणून दिवसा काही ना काही मोजत बसतो.’ त्याच्या सगळ्या शास्त्राचं मूळ तेवढंच होतं, असं मला अजून वाटतं.

पत्राची पहिली ओळ ‘ती. आईस सा. न.’ आणि दुसरीपासून ऊन. खिडकीच्या गजाची सावली फरशीवर कुठवर आली, संक्रांतीनंतर किती मागे सरकली. तुरुंगाच्या कपाटात त्याला भूगोलाचं एक फाटकं पुस्तक सापडलं होतं. जी पानं नव्हती ती तो स्वतःच्या डोक्यानं भरून काढत होता. मी वाचायची, माय चरख्यावर सुताच्या कांड्या भरत ऐकायची. शेवटी चरखा थांबवून विचारायची, “जेवते का तो? तेवढं लिवलं का?” ते कधीच लिहिलेलं नसायचं. मला त्याचा राग यायचा. सूर्य काय, ह्यानं मोजला नसता तरी उगवलाच असता.

एका उन्हाळ्यात त्यानं लिहिलं की नवतपात, म्हणजे मे सरता सरता नागपूर भाजून काढणाऱ्या त्या नऊ दिवसांत, एक दुपार अशी येते की सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली पडतच नाही. दिवस त्यानं गणितानं काढला होता. पण दुपारी बराकींना कुलूप असायचं, त्याला उन्हात उभं राहता येत नव्हतं. ‘अंगणात काठी रोवा आणि काय दिसलं ते खरं कळवा. हे बरोबर निघालं तर ह्या हातानं एक तरी गोष्ट नीट झाली असं वाटेल.’

काठी मायनं रोवली. सुताला खळ लावून ते गल्लीत ताणून वाळवायचं, त्याचे खुंटे जन्मभर तिनंच ठोकलेले. त्या कामात तिला कुणी शिकवायच्या भानगडीत पडत नसे. ठरल्या दुपारी मी डोक्यावर ओला पंचा घेऊन पाहिलं. काठीची सावली होती. बोटभर, पण होती. मी तसं कळवलं.

त्यानंतर पत्र आलं नाही. भेटीला गेलो तर ‘येत नाही म्हणतो’ एवढा निरोप फाटकापर्यंत यायचा. दुसऱ्यांदा तसं झाल्यावर माय रस्त्यातच मला म्हणाली, “तो नाही राहिला वं. जेलवाले आपल्याले सांगून नाही राहिले.” मी खूप समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्या पितृपक्षात तिनं कौलांवर बापाच्या घासाशेजारी भावाचाही घास ठेवला. बापाच्या घासासाठी दरवर्षी कावळ्याच्या विनवण्या कराव्या लागायच्या. भावाचा घास ठेवल्याबरोबर कावळ्यानं उचलला. माझ्या अंगावर काटा आला. मायचा चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी शांत दिसला, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची उरलेली शिक्षा माफ झाली. कागद घरी यायच्या आधी तोच आला, नवतपात, भर दुपारी. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अंगणात उभा राहून त्यानं हाक मारली, “माय.”

माय दारात आली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. पायांशी सावली नव्हती. तिनं मला मागे ढकललं आणि हात जोडले. “तुहा घास ठेवला होता ना बाबा. पोचला ना तुले? आता काहून आला?”

भाऊ जागचा हलला नाही. चटके बसत होते, तरी नाही. मग हळू म्हणाला, “माय, आज कोणाचीच नाही पडत. ये, उन्हात ये. तुही सावली कुठी हाय, पाह्य ना वं.”

ती आली. का आली, देव जाणे. अनवाणी त्याच्यासमोर उभी राहिली आणि खाली पाहिलं. तिचीही नव्हती.

“मंग मी बी गेली का?” तिनं विचारलं.

त्यानं तिचा हात धरला. दोघं तशीच उभी राहिली, पायांतून पूर्वेकडे काळी कड निघेपर्यंत. ती दिसल्यावर मायनं आत जाऊन भाकरतुकडा आणला, त्याच्यावरून ओवाळून टाकला आणि त्याला घरात घेतलं.

ऊन कलल्यावर तो गेल्या उन्हाळ्यापासून तशीच रोवलेल्या काठीपाशी गेला. मागाचा जड धोटा सुताला बांधून त्यानं तो ओळंब्यासारखा काठीशेजारी सोडला. सूत सरळ, काठी कललेली. गल्लीतला खुंटा ताणाच्या उलट्या बाजूला झुकवूनच रोवतात, नाहीतर सूत तो उपटून काढतं. मायच्या हाताला दुसरी रीतच ठाऊक नव्हती. भावाचं गणित चुकलं नव्हतं; ती बोटभर सावली काठीच्या कलण्याची होती. “आपल्या घरी काठी सरळ रोवत नाहीत, हे मलेच समजाले पाह्यजे होतं,” तो म्हणाला. “मायले सांगू नको.” मी नाही सांगितलं.

त्यानं पुन्हा काही मोजलं नाही. मागावर बसायचा, विचारलं तर बोलायचा. माय त्याला वाढायची, त्याच्याकडे पाहायची, पण पितृपक्ष आला की कौलांवर दोन घास ठेवायची. मी एकदा भांडले. ती म्हणाली, “एकदा ठेवला का बंद करता येत नाही. उपाशी राहते तो.”

भाऊ आत ताटावर बसलेला असायचा, भातावर वरण घेतलेलं. छपरावर कावळ्याचे पंख वाजेपर्यंत तो पहिला घास उचलत नसे.